आधी अक्षर, मग पुस्तक हा क्रमच चुकीचा

ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो का, हे ‘असर’ची पाहणी २००५ पासून तपासत आली आहे. हे जमणाऱ्या मुलांचे देशातले प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते. करोनानंतर २०२२ मध्ये ते ४२.८ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्क्यांपर्यंत सावरले. म्हणजे शाळा सुरळीत चालू होत्या तेव्हाही जवळपास निम्मी मुले मागेच होती. सगळा दोष टाळेबंदीच्या माथी मारून चालणार नाही. दोष वाचन शिकवण्याच्या क्रमात आहे. आधी अक्षरे पक्की करायची, मग शब्द, मग धडा आणि एवढे सगळे जमले, तरच ‘अवांतर’ म्हणून गोष्टीचे पुस्तक, अशी आपली रीत आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या प्राथमिक शाळांनी ही रीत मोडावी. पुस्तक हे वाचन आल्यावरचे बक्षीस नव्हे, ते वाचन शिकण्याचे साधन आहे.

मराठी लिपीच्या रचनेमुळे ही रीत आणखी महागात पडते. तीन डझन व्यंजने, प्रत्येकाची बाराखडी आणि वर जोडाक्षरे, असा हा पसारा आहे. ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत सारी अक्षरे गिरवून झाल्यावरच काना-मात्रा हाती दिल्या, तर कित्येक महिने मुलाच्या वाट्याला कमळ, बदक, मगर एवढेच शब्द येतात. पाणी, शेळी, उसाची मोळी हे त्याच्या रोजच्या बोलण्यातले शब्द फळ्यावर येतच नाहीत. मग वाचन म्हणजे अर्थ नसलेला आवाज काढणे, हा समज पहिल्याच वर्षी पक्का होतो. पालघरमधील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे मुलांच्या वाचन-लेखनाचा तीन वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसले : वर्गातला बहुतेक वेळ अक्षरे घोकण्यात आणि फळ्यावरचे उतरवून घेण्यात जातो. वाचलेल्यावर बोलायला वेळच उरत नाही आणि पाठ्यपुस्तकापलीकडचे पुस्तक वर्गात क्वचितच येते.

पर्यायही दूर नाही, नीरा नदी ओलांडली की फलटण. तिथे मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांनी विकसित केलेल्या वाचनपद्धतीत थोडी अक्षरे आणि एक-दोन स्वरचिन्हे बरोबरच शिकवतात, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांतच मूल अर्थपूर्ण शब्द वाचू लागते आणि स्वतःच्या मनातले लिहूही लागते. यात अक्षरओळखीला फाटा दिलेला नाही, हे लक्षात घ्यायला हवे. नुसती पुस्तके समोर पसरली की मुले आपोआप वाचू लागतात, हा समजही तितकाच भाबडा आहे. अक्षरे नेटाने आणि क्रमवारच शिकवावी लागतात. मात्र ती कशासाठी शिकायची, हे मुलाला त्याच दिवशी कळले पाहिजे.

‘अक्षरच येत नाही, तर पुस्तक काय कामाचे?’ असा आक्षेप यावर येतो. त्याचे उत्तर बारामतीच्याच इतिहासात आहे. कवी मोरोपंतांची हयात इथे गेली आणि त्यांच्या आर्या कीर्तनकारांच्या मुखातून अशा श्रोत्यांपर्यंत पोचल्या, ज्यांतल्या अनेकांना अक्षरओळख नव्हती. श्रावणात एकाने पोथी वाचायची आणि घराने ऐकायची, ही रीतही आपलीच. साहित्य आपल्याकडे आधी कानांनी आले. शिक्षकाने रोज पुस्तक हातात धरून, चित्रे दाखवत मोठ्याने वाचले, तर छापील ओळीत गोष्ट दडलेली असते हे पहिलीच्या मुलालाही समजते. द्विशिक्षकी शाळेत तर दोन-तीन इयत्ता एकत्र बसवून करता येण्याजोगे हेच सर्वांत सोपे काम आहे.

अभ्यासक्रम मागे पडेल, ही शिक्षकांची भीती खरी आहे. अशैक्षणिक कामांचा बोजाही खोटा नाही. पण ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी परिसर अभ्यासाचा धडा आणि गणितातले शाब्दिक उदाहरण दोन्ही बंदच असतात. वाचनाला दिलेला वेळ इतर विषयांतूनच परत मिळतो. दुसरी अडचण पुस्तकांच्या कपाटाची. पुस्तके फाटली, हरवली तर तपासणीत जबाब कोणी द्यायचा, म्हणून कुलूप लागते. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असलेच पाहिजे असे म्हटले आहे. ते नोंदवहीत शाबूत राहावे यासाठी नव्हे. पालकांना इंग्रजी हवी आहे, हाही मुद्दा रास्त. परंतु समजणाऱ्या भाषेत अर्थ लावत वाचायची सवय जडली, की तीच दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते.

या दोन तालुक्यांत आणखी एक निकड आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी इथल्या कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू झाला की बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड टोळ्या येतात आणि त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर, मुलेही असतात. वर्षाच्या मध्यावर शाळा बदलणाऱ्या या मुलांची अक्षरांची साखळी हमखास तुटते. शिक्षण हमी कार्डाने प्रवेशाची सोय होते, वाचनाची नाही. गोष्ट मात्र कोणत्याही दिवशी आलेल्या मुलाला ऐकता येते आणि पुस्तक कोपीवर नेता येते.

पंधरा ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन वर्षातून एकदाच येतो. सवय रोजच्या वेळापत्रकातून लागते. बारामती आणि इंदापूरच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी पहिली ते तिसरीसाठी रोज अर्धा तास वाचनाचा ठरवून द्यावा, फाटलेल्या पुस्तकांचे निर्लेखन मुख्याध्यापकांच्या सहीने होऊ द्यावे आणि केंद्रप्रमुखांनी भेटीत किती पुस्तके शिल्लक आहेत याऐवजी किती घरी गेली, हे विचारावे. कारखान्यांनीही ऊसतोड टोळ्यांच्या प्रत्येक तळावर पुस्तकांची एक पेटी ठेवावी. यातल्या कशासाठीही नवी योजना लागत नाही. येत्या सत्रापासून हे सुरू करता येईल, ते करावे.