पिठाचा कोंबडा आणि पोरांचा फासा



आज जरा भांडायलाच बसले आहे. लाडू-चिवड्याची पाककृती पुढच्या वेळी.

दिवाळीला निर्वाण लाडू चढवून घरी आलो, तर पुण्याहून आलेल्या पुतण्यानं ओसरीवर सतरंजी अंथरून खेळ मांडलेला. डंजन्स अँड ड्रॅगन्स त्याचं नाव. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला. यात एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतलं एकेक पात्र होतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. 'आता मी हे करतो' असं प्रत्येकानं सांगायचं आणि ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पुतण्या गोष्ट सांगणारा, भाचा योद्धा, शेजारचा मुलगा चोर आणि माझी लेक वैद्यीण.

खेळात त्यांनी एका गॉब्लिनला पकडलं. गॉब्लिन म्हणजे छोटा राक्षस समजा. योद्धा म्हणाला, मारून टाकू, नाहीतर हा जाऊन टोळीला सांगेल. लेक म्हणाली, बांधलेल्याला मारायचं नाही, सोडून देऊ. पोरं हसली. "तू जैन आहेस म्हणून का? मग हा खेळ तुझा नाही. ऊठ."

नेमक्या त्याच वेळी मंदिरातून परतताना एक काकू दारात टेकल्या होत्या. त्यांच्या कानावर फक्त 'मारून टाकू' पडलं. त्या म्हणाल्या, "पिठाचा कोंबडा विसरलीस का गं? खोटं मारलं तरी पाप खरंच लागतं. उठव पोरीला."

बघा हं. एकीकडे पोरं, दुसरीकडे काकू, आणि दोघांचा माझ्या लेकीला एकच हुकूम, ऊठ! माझं भांडण या हुकुमाशी आहे.

आधी काकूंचं घेते, कारण पुढच्या स्वाध्यायात हाच विषय निघाला आणि 'असले खेळ घरात नकोत' असं जवळजवळ ठरूनही गेलं. यशोधर राजाची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. वाईट स्वप्न पडलं म्हणून आई देवीपुढे जिवंत प्राण्यांचा बळी द्यायला सांगते. मुलगा नाही म्हणतो. मग मधला मार्ग म्हणून पिठाचा कोंबडा कापतात आणि मायलेक कित्येक जन्म पशुयोनीत भोगत फिरतात. ही कथा आपल्याला परकी नाही. सोमदेवसूरींनी ९५९ साली ती यशस्तिलकात लिहिली, आणि वेमुलवाडचा चालुक्य राजा अरिकेसरी यानं त्यांना गाव दान दिल्याचा शके ८८८चा, म्हणजे ९६६चा ताम्रपट आपल्या परभणीच्या नावानंच ओळखला जातो.

म्हणून ती नीट वाचू या. पाप पिठात होतं का? मग आपण रोज कणीक मळतोच की. पाप संकल्पात होतं. त्या मायलेकांना बळीचं फळ खरोखर हवं होतं, आणि खऱ्या कोंबड्याऐवजी पिठाचा चालवून घेतला होता. तलवार उचलताना मनात बळीच होता.

हा फरक मानवतच्या बायकांना मी वेगळा सांगायला नको. १९७० नंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत गुप्तधनाच्या लोभानं आपल्या गावात बायका आणि लहान मुली मारल्या गेल्या. आजही आडनावापाठोपाठ गावाचं नाव सांगितलं की परगावची माणसं तेच विचारतात. तिथे कुणी खेळ खेळत नव्हतं. बळी दिला की धन मिळतं, अशी खरी श्रद्धा होती. यशोधराची कथा त्या श्रद्धेविरुद्ध आहे. ओसरीवर फासा टाकणाऱ्या पोरांना त्या ओळीत बसवू नका.

कुणी म्हणेल, अनर्थदंडात अपध्यानही येतं, त्याचं काय? येतं. पण रत्नकरंड श्रावकाचारात अपध्यान सांगताना रागद्वेषानं दुसऱ्याचं वाईट चिंतण्याची गोष्ट आहे. द्वेष नाही तिथे अपध्यान कुठलं? पार्श्वनाथांच्या नाटिकेत कुणाचा तरी मुलगा कमठ होतोच ना? दगड फेकल्याचा अभिनय करतो, दात-ओठ खातो, आणि पडदा पडल्यावर आपणच त्याला शाबासकी देतो. त्याला कुणी प्रायश्चित्त सांगितल्याचं मी तरी ऐकलं नाही.

बंदी घालायला निघालेल्या आपण काही पहिल्या नाही. अमेरिकेत १९८२ साली एका आईचा मुलगा आत्महत्या करून गेला. तिनं याच खेळाला दोष दिला, कोर्टात गेली, संघटना काढली. कोर्टानं तिचा दावा मानला नाही. त्या आईच्या दुःखाला मी हात जोडते. पण खेळाकडे बोट दाखवलं की पोराकडे बघायचं राहून जातं, ही भीती मला जास्त वाटते.

आणि खेळातून धर्म शिकवणं हे तर आपल्याच घरचं आहे. ज्ञानचौपड म्हणजे सापशिडीची आजी. आपल्या लोकांत चौऱ्याऐंशी घरांचे असे पट होते. पुण्याच्या घरातून शिडी, पापाच्या घरातून साप. फक्त तिथे फासा नेईल तिकडे जायचं, निवड काही नाही. या नव्या खेळात फासा यश-अपयश सांगतो, पण मारायचं की सोडायचं हे लेकराला स्वतः ठरवावं लागतं. आईसमोर नाही, बरोबरीच्या चार पोरांसमोर. माझी लेक तिथे 'नाही' म्हणाली. पाठशाळेत मी तिला एवढं शिकवू शकले नव्हते.

आता पोरांचं. "मग हा खेळ तुझा नाही" असं कसं म्हणता रे? आपल्या पद्मपुराणात रावणाला राम मारत नाही, लक्ष्मण मारतो. कर्माचा हिशेब दोघांचा वेगवेगळा झाला, एकाला मोक्ष, दुसऱ्याला नरक. पण वनवासात दोघे बरोबर होते, युद्धातही बरोबर होते. लक्ष्मणानं रामाला 'तू मारत नाहीस तर घरी जा' म्हटलं नाही. कुणाला लढाई आवडते, कुणाला कोडी, कुणाला नुसत्या गप्पा. सतरंजी सगळ्यांची आहे.

लेकीलाही सोडणार नाही. दुसऱ्या दिवशी ती प्रत्येक वाराला "पाप, पाप" करू लागली. या खेळात पॅलाडिन नावाचं पात्र असतं, धर्माचा शिलेदार. जुन्या नियमांत त्यानं दुष्कृत्य केलं की त्याची शक्ती जायची. ते पात्र घेणारा कधी कधी बाकीच्यांवर पहारा ठेवत बसतो आणि सगळ्यांचा विचका करतो. आपल्यातही असतात अशा बहिणी, स्वतःच्या उपवासापेक्षा दुसरीच्या ताटावर ज्यांचा डोळा जास्त. मी तिला म्हटलं, जिंतूरला नेमगिरीवर जातो तेव्हा काय आठवतो आपण? लग्नाच्या वाटेवर प्राण्यांचा आक्रोश ऐकून नेमिनाथांनी रथ फिरवला. स्वतःचा फिरवला. वऱ्हाडातल्या प्रत्येकाचा लगाम ओढत बसले नाहीत.

म्हणजे काहीही चालतं का? नाही. अनेकांत म्हणजे 'सगळं चालतं' नव्हे. पात्राच्या आड लपून शेजारच्या पोरीला रडवलं, किंवा कुणी छळाच्या वर्णनात रमू लागला, तर खेळ तिथेच थांबवायचा आणि त्या पोराशी बोलायचं. तिथे भाव बिघडलेला असतो. आमच्याकडे आता खेळाआधी पोरं बसून ठरवतात की गोष्टीत काय नको. लेकीनं सांगितलं, बांधलेल्याला मारणं नको आणि मांसाच्या जेवणावळी नकोत. भाच्यानं सांगितलं, माझ्या योद्ध्याला उपदेश नको. दोन्ही मान्य झालं. आणि सूर्यास्ताआधी जेवायला उठायचं, हा नियम माझा.

गॉब्लिनचं काय झालं विचाराल. सोडलं त्याला. रात्री तो टोळी घेऊन आला आणि यांची सगळी शिदोरी पळवून नेली. भाचा चिडला. मी लेकीला विचारलं, पुन्हा असाच सापडला तर?

"सोडीन," ती म्हणाली, "पण शिदोरीवर पहारा ठेवीन."

काकू, येत्या रविवारी या. ओसरीवर बसा, चहा घ्या, पूर्ण खेळ बघा. मग सांगा, हिला कशासाठी उठवायचं?