शेजाराची ठेव

बँकेतील ठेव अडचणीच्या दिवशी उपयोगी पडते. परंतु ती आधी ठेवलेली असावी लागते. परस्परसंवादाचेही तसेच आहे.

यंत्रमागांच्या भिवंडीने १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली सोसल्या. त्यानंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभारल्या. हिंदू-मुस्लिम रहिवासी आणि पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागले. बैठकीत ऐक्यावरील भाषणांपेक्षा वस्तीतील रोजच्या तक्रारी व तंटे यांनाच महत्त्व असे. त्यातून माणसे एकमेकांना नावानिशी ओळखू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई होरपळत असताना भिवंडी शांत राहिली. अफवा आलीच, तर खरे-खोटे कोणाला विचारावे, हे लोकांना ठाऊक होते.

वाचकहो, आपल्या गृहनिर्माण संस्थांत भाषा, आहार आणि उपासना भिन्न असलेली कुटुंबे एका जिन्याने ये-जा करतात. त्यांची गाठ मात्र वार्षिक सभेत, तीही बहुधा वादापुरतीच पडते. महिन्यातून एकदा, भाडेकरूंसह सर्वांनी तासभर एकत्र बसावे. विषय पाण्याचा असो वा वाहनतळाचा. प्रथम नवागताला बोलू द्यावे आणि त्याचे म्हणणे पूर्ण ऐकावे. ही ठेव लहान रकमेनेही सुरू करता येते.