मोझार्ट टायटनच्या धुनेपाशी थांबू नये

टायटन घड्याळाच्या जाहिरातीची धून ठाऊक नसलेला माणूस सापडणं कठीण. ती मोझार्टच्या पंचविसाव्या सिम्फनीतली. ‘छाया’ (१९६१) चित्रपटासाठी सलील चौधरींनी तलत महमूद आणि लता मंगेशकर यांच्याकडून जे युगुलगीत गाऊन घेतलं, त्याची चाल मोझार्टच्याच चाळिसाव्या सिम्फनीवर बेतलेली. मोझार्टच्या ४१ क्रमांकित सिम्फनींपैकी मायनरमधल्या, म्हणजे कोमल गंधाराच्या, दोनच. त्या नेमक्या याच!

म्हणजे भारतीय कानांशी त्याची ओळख जुनी आहे, पण तुकड्यांतली. ‘गोड, झोपताना लावायचं संगीत’ ही समजूत त्यातूनच पक्की होते, आणि ती त्याच्यावर अन्याय करणारी आहे. चाळिसावी सिम्फनी शेवटपर्यंत ऐकावी. अखेरच्या भागात एके ठिकाणी बारापैकी अकरा स्वर धडाधड येऊन जातात, षड्ज तेवढा लागत नाही. पायाखालची जमीनच काढून घेतली जाते.

नवख्याला मोझार्टच्या दोन विरुद्ध वृत्तींच्या रचना जोडीनं ऐकवाव्यात.

फेब्रुवारी १७८५मध्ये व्हिएन्नात त्यानं डी मायनर पियानो कंचेर्टो पूर्ण केला. तंतुवाद्यं दबक्या आवाजात, ठोका चुकवत सुरू होतात. पियानो येतो तो वाद्यवृंदानं न वाजवलेली, स्वतःची वेगळीच चाल घेऊन. बेथोव्हेनला ही रचना इतकी प्रिय, की त्यानं तिच्यासाठी कडेन्झा, म्हणजे एकट्या पियानोनं वाजवायच्या जागा, लिहिल्या. जेमतेम महिन्याभरानं सी मेजर कंचेर्टो आला. त्याचा मधला भाग इतका निवांत, की दोन्ही एकाच माणसानं, त्याच हिवाळ्यात लिहिले यावर विश्वास बसत नाही.

आणि ऑपेरा? तो टाळून मोझार्टची ओळख होऊच शकत नाही. ‘फिगारोचं लग्न’ १७८६चा. दुसऱ्या अंकाच्या शेवटी संशयी उमराव आणि त्याची बायको यांच्या भांडणाला तोंड फुटतं. मग एकेक पात्र आत शिरतं, डाव उलटतो, पुन्हा सावरतो आणि शेवटी सात जण एकाच वेळी आपापलं म्हणणं गातात. सुमारे वीस मिनिटं संगीत थांबत नाही. आपल्या संगीत नाटकात पद रंगलं की कथा बहुधा खोळंबते. इथे ती गाण्यातूनच धावते. महाराष्ट्रातल्या संगीत मंडळांनी हा प्रवेश मराठी उपशीर्षकांसह पडद्यावर दाखवायला हवा. नाट्यपदांवर वाढलेला प्रेक्षक त्यात सहज रमेल.