आडनावातली टेकडी आणि चिंच

'आडनाव काय?' हा प्रश्न आपल्याकडे केवळ ओळखीसाठी विचारतात, असे मानणे भाबडेपणाचे होईल. बहुतेक वेळा तो जात ताडण्यासाठी असतो. भुसावळच्या फलाटावर नागपूरकडचे आणि इटारसीकडचे प्रवासी एका बाकावर बसतात आणि चार वाक्यांत गप्पा आडनावावर येतात. म्हणूनच इंग्रजांची काही साधी आडनावे मला विचार करण्याजोगी वाटतात.

1854 चा 'वुडचा खलिता' आपण परीक्षेसाठी पाठ करतो. वुड म्हणजे रान. 1840 मध्ये इंग्लंडात टपालाचे तिकीट आले ते रोलंड हिलच्या योजनेतून. हिल म्हणजे टेकडी. मोटारवाला फोर्ड म्हणजे नदीचा उतार. एका खेड्यात चार जॉन झाले, की लोक टेकडीजवळचा जॉन, उताराजवळचा जॉन असे म्हणत. पुढे घर सुटले, रान तुटले. नाव मात्र वंशाला चिकटले.

आपला 'कर' याहून निराळा. भुसावळात राहणाऱ्याला भुसावळकर कोण म्हणणार? गाव सोडल्यावरच गाव नावाला लागते. गोव्यातल्या मंगेशीचे म्हणून दीनानाथ मंगेशकर झाले. बाबासाहेबांचे घराणे सकपाळांचे, पण त्यांच्या आडनावामागे मंडणगड तालुक्यातले आंबडवे उभे आहे. एका 'कर'खाली अठरापगड जाती नांदतात, हे त्याचे मोठेपण.

मग टेकडीजवळच्या जॉनचा भाऊबंद आपल्याकडे नाहीच का? आहे, आणि तो खानदेशातच आहे. फक्त कागदावर नाही. पाटील, चौधरी, महाजन ही आपली आडनावे मानाची नि हुद्द्याची. अर्धे गाव एकाच आडनावाचे! तेव्हा लोकांनीच वाट काढली : विहिरीवाले पाटील, चिंचेजवळचे चौधरी. शाळेच्या दाखल्यावर हुद्दा तेवढा उतरला. विहीर आणि चिंच बाहेरच राहिली.

मला हे नुकसान वाटते. हुद्दा माणसाला वर किंवा खाली बसवतो. चिंच फक्त शेजार सांगते. तिच्या सावलीला कोणाची जात विचारावी लागत नाही. आज कित्येक विहिरी बुजल्या, झाडे गेली. पण आजी-आजोबांच्या तोंडी ही नावे अजून आहेत. मित्रहो, सुटीत गावी जाल तेव्हा ती विचारून वहीत उतरवून आणा. त्यांना दुसरे दप्तर नाही.