'आठवडा' या ओळीने फवारणी सिद्ध होत नाही



कपाशीवरील गुलाबी बोंडअळीविषयी छापलेल्या पत्रात लेखकाने एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या तक्त्यातील 'आठवडा' या ओळीवरून फवारणी प्रभावी ठरवली. हे मान्य नाही. हंगाम सरत जातो तशी ही अळी वाढतेच. ती ओळ फक्त काळानुसार झालेला बदल दाखवते. औषधाचा गुण 'फवारणी' आणि विशेषतः 'आठवडा × फवारणी' या ओळींत शोधायचा. त्याआधी, आठवड्या-आठवड्यांतील फरकांचा विखुरलेपणा सारखा आहे का हे तपासणारी मॉकलीची (१९४०) कसोटी पाहावी. तिचे पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी असेल, तर आठवड्याच्या ओळींसाठी ग्रीनहाउस-गायसर (१९५९) दुरुस्तीचे आकडे घ्यावेत. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे, शेतमजुरांचे जीव गेले. अर्धवट वाचलेल्या तक्त्यावरून इथे कुणाला पंप पाठीवर घ्यायला सांगू नये. लेखकाने पूर्ण तक्ता छापावा.

— एक वाचक, यवतमाळ