बाळाला खोकला आला की बाटली उघडते, वाटी मात्र बंद होते

थंडी पडायला लागली की जालन्यातल्या माझ्या दवाखान्यात रोज एकच प्रसंग घडतो. आठ-दहा महिन्यांचं बाळ असतं. नाक वाहतंय, मधूनच खोकतंय, पण मजेत माझ्या स्टेथोस्कोपची नळी ओढतंय. आई काळजीत असते. तिच्या पिशवीतून अर्धी संपलेली बाटली निघते. "मेडिकलमधून आणून दोन दिवस दिलं डॉक्टर, फरकच नाही. आता याच्यापेक्षा भारी लिहून द्या." मी विचारतो, बाळ खातंय काय? उत्तर आजी देते. "खायाचं समदं बंद केलंय. केळं नाही, मोसंबी नाही, दहीभात नाही. कफ वाढतो ना!"

म्हणजे ज्याची गरज नाही ते चालू आणि ज्याची गरज आहे ते बंद. हा लेख या उलट्या कारभाराविरुद्ध आहे. काही आज्यांना, काही औषध दुकानदारांना आणि माझ्याच काही व्यवसायबंधूंना राग येईल. येऊ द्या.

गुंगी म्हणजे गुण नव्हे

लहान मुलांचा खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होणाऱ्या साध्या सर्दीचा असतो. धडधाकट बाळालाही वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होते. खोकला दहा दिवस, कधी तीन आठवडेही रेंगाळतो आणि आपोआप जातो. घशात उतरलेला शेंबूड बाहेर फेकण्याची ती शरीराची पद्धत आहे. खोकला हा घराचा राखणदार आहे. तो भुंकतो म्हणून आपण त्याचंच तोंड बांधायला निघतो.

बाटलीत काय असतं? बहुतेक वेळा क्लोरफेनिरामिन, फेनिलेफ्रिन, डेक्स्ट्रोमेथॉर्फन अशी दोन-तीन औषधं आणि भरपूर गोडी. यातल्या एकानेही लहान बाळाची सर्दी लवकर बरी होते, असं सिद्ध झालेलं नाही. "पण डॉक्टर, औषध दिलं की बाळ शांत झोपतं." झोपतं, कारण क्लोरफेनिरामिनने गुंगी येते. बाळाला गुण आला, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात फक्त गुंगी आलेली असते. मात्रा चमचाभर जास्त झाली तर हीच औषधं छातीची धडधड वाढवतात, श्वास मंदावतात.

"थोरल्याला दिलं होतं, काही झालं नाही," हेही रोज ऐकतो. छिंदवाड्यातल्या आईबापांनाही तसंच वाटलं असेल. छिंदवाडा आपल्या नागपूरला लागून असलेला मध्य प्रदेशातला जिल्हा. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे साध्या सर्दी-ताप-खोकल्यासाठी 'कोल्ड्रिफ' नावाचं सिरप दिलेल्या मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडं निकामी झाली. अनेकांना नागपूरच्या रुग्णालयांत आणलं गेलं. वीसहून अधिक मुलं दगावली. तामिळनाडूतल्या कारखान्यात बनलेल्या त्या सिरपच्या तपासणीत डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के निघालं. चालू शकणारी मर्यादा ०.१ टक्का.

हे विष महाराष्ट्राला नवं नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरिनने १४ रुग्णांचा बळी घेतला. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. पण दोन्ही घटनांत एक फरक आहे आणि तो मला झोपू देत नाही. जे. जे.मधल्या रुग्णांना उपचार म्हणून ते ग्लिसरिन हवं होतं. सर्दी-खोकला झालेल्या लेकरांना ती बाटली मुळात नकोच होती.

दोष कारखान्याचा आहे, तपासणी यंत्रणेचाही आहे. त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण कारखान्यातून माझ्या बाळाच्या ओठांपर्यंत बाटली पोचवणारे हात डॉक्टरचे, दुकानदाराचे आणि घरच्यांचेच असतात. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापायला औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच सांगितलं. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहूही नयेत आणि विकूही नयेत, पाचखालच्यांनाही सहसा टाळावीत, असं केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२५ ला कळवलं. मग आमच्यापैकी काही जण अजून का लिहितात? कारण "नुसतं तपासलं अन् औषधच नाही दिलं" म्हणून पेशंट दुसऱ्या दवाखान्यात जाईल, ही भीती. ती मलाही वाटते. पण त्या भीतीची किंमत बाळाने का मोजायची?

मग खोकू द्यायचं का?

नाही. बाळाला आराम द्यायचा. अंगावरचं दूध वरचेवर पाजा. नाक चोंदलं असेल तर दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी मेडिकलमध्ये मिळणारे सलाईनचे नाकाचे थेंब घाला. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला रात्री अर्धा चमचा मध द्या, त्याने खोकल्याची ढास कमी होते. वर्षाच्या आत मात्र मध अजिबात नको, गुटीत उगाळूनही नको. त्यातून बोट्युलिझम नावाचा जीवघेणा आजार होऊ शकतो.

न्हाणी घालणाऱ्या मावशींना हात जोडून सांगा: नाकात तेल सोडू नका, ते थेट फुप्फुसात जातं. ओवा-लसणाची धुरी बंद करा. धुराने खोकला वाढतो, मग तो धूर चुलीचा असो, उदबत्तीचा असो की बाबांच्या बिडीचा. उकळत्या पाण्याची वाफही नको. तिने भाजलेली लेकरं मी पाहिली आहेत.

वाटी का बंद केली?

आता आजीबाईंच्या पथ्याकडे वळतो. केळ्याने कफ होत नाही. मोसंबीने सर्दी होत नाही. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, इथून ती देशभर जाते, आणि इथल्याच बाळाला ती "थंड" म्हणून वर्ज्य! फ्रिजमधली देऊ नका, एवढंच. आजारात बाळाला जास्त ताकद लागते आणि नेमकं तेव्हाच आपण त्याचं खाणं तोडतो. वर्षातून सहा-आठ सर्द्या आणि प्रत्येक वेळी दहा दिवसांचं पथ्य. म्हणजे वाढीच्या वयातले दोन-अडीच महिने अर्धपोटी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी जेमतेम ११ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळत असल्याचं दिसलं. याला फक्त गरिबी कारणीभूत नाही. चुकीची पथ्यंही आहेत.

सहा महिने पूर्ण झाले, मान सावरली, आधाराने बसता येऊ लागलं, हातातली वस्तू तोंडाकडे जाऊ लागली की बाळ हाताने खायला तयार झालं. त्याच्या मुठीतून वर डोकावेल एवढा, आपल्या बोटाएवढा तुकडा द्या. उकडलेलं रताळं, बटाटा, लाल भोपळा, गाजर. पिकलेलं केळं, पपई. मुगाच्या धिरड्याची पट्टी. उकडलेल्या अंड्याचा लांबट काप. वरणात भिजवलेला ज्वारीच्या भाकरीचा मऊ तुकडा. मोसंबीची फोड साल-पापुद्रा आणि बिया काढून. कसोटी एकच: दोन बोटांच्या चिमटीत सहज चिरडला गेला पाहिजे. वर्षापर्यंत वरून मीठ-साखर नको. चहात बुडवलेलं बिस्कीट आणि पाच रुपयांची पाकिटं यांना खाऊ म्हणू नका. आजारपणात बाळ कमी खाईल. मग थोडं थोडं, जास्त वेळा द्या. जबरदस्ती नको. खोकताना एखादी उलटी झाली तर घाबरू नका, थोड्या वेळाने पुन्हा भरवा.

एका ठिकाणी मात्र आजीपेक्षाही कडक व्हा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे, सीताफळाच्या बिया पाच वर्षांपर्यंत हाताला लागू देऊ नका. शेंगदाणा कूट करून द्या. बाळ खाताना बसलेलं असावं आणि मोठं माणूस समोर असावं. खेळता-खाताना अचानक ठसका लागून सुरू झालेला खोकला हा सर्दीचा नसतो. श्वासनळीत दाणा अडकलेला असू शकतो. ठसका थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. अशा वेळी सिरप पाजत बसलात तर दाणा आत आणि वेळ हातची जाते.

आणखी कधी धावायचं, तेही लक्षात ठेवा. बाळ शांत असताना मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, वर्षानंतर ४० किंवा जास्त म्हणजे श्वास वेगाचा आहे. छाती आत ओढली जाणं, ओठ निळसर होणं, दूध न पिणं, सुस्त पडणं, दोन महिन्यांखालच्या बाळाला ताप, यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल आणि घरात कुणाला क्षयरोग असेल, तर ते लपवू नका.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी बाळाला नीट तपासलं, श्वास मोजला आणि "औषधाची गरज नाही" असं सांगितलं, तर फी वाया गेली म्हणून दुसरा दवाखाना गाठू नका. बाटलीचे वाचलेले पैसे घेऊन बाजारात जा. तेवढ्यात डझनभर केळी येतील, वर थोडी मोसंबीही. ती बाळाच्या हातात द्या आणि आजीला शेजारी बसवा. नातवंड खाताना बघितलं की आजीचा कफाचा धाक आपोआप कमी होतो, हा माझा अनुभव आहे.