पाहुणा गिटारवाला

झाकीर हुसेनचा 'मेकिंग म्युझिक' ऐकलाय? १९८७ चा अल्बम. बासरीवर हरिजी, सॅक्सोफोनवर यान गार्बारेक आणि गिटारवर पाहुणा जॉन मॅक्लॉफ्लिन! सत्तरच्या दशकात 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'त इलेक्ट्रिक गिटारने आग लावणारा हा बाबा इथे अकूस्टिक घेऊन बसतो आणि बाकीच्यांना जागा देत वाजवतो.

पाहुणा म्हटलं की मला आमची झाडीपट्टी आठवते. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या नाटकांच्या पोस्टरवर मुंबई-पुण्याचा पाहुणा कलाकार मोठा दिसतो. पण रात्रभर नाटक ओढतात ती इथलीच माणसं. त्यांच्यातल्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

माझं मत विचाराल तर, पाहुणा जरूर बोलवा. फक्त पंगतीत बसणारा बोलवा, पंगत अडवणारा नको!